हललेलं पाणी

कळवण
१४ ऑक्टोबर १९७९

चि. जयराम यास,
सप्रेम जयभीम.

तुझी मावशी जाऊन येत्या दिवाळीत दोन वर्षं होतील. तेव्हापासून तात्या माझ्याकडे आहेत आणि तेव्हापासून आमच्या घरात एकच भांडण चालू आहे, ते त्यांच्या डोळ्यांवरून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. खिडकी कुठे आहे एवढं त्यांना कळतं, खिडकीत कोण उभं आहे ते कळत नाही. परवा आमचे हेडमास्तर दारात आले तर त्यांना "ये गं माझी बाय" म्हणाले. हेडमास्तर बसले, चहा घेतला आणि जाताना मला म्हणाले, "तुमच्या वडलांचा आमच्यावर फार जीव दिसतो."

मार्चमध्ये इथे डोळ्यांचं शिबीर आहे. तात्यांना म्हटलं, नाव देऊ का? म्हणाले, "आता बघण्यासारखं काय ऱ्हायलंय? कॅलेंडर?" मी पिच्छा सोडला नाही. शेवटी वैतागून म्हणाले, "माझा साहेब दाखव, मंग घेतो डोळं कापून."

साहेब तुला आठवत असेल. तात्या एकतीस वर्षं नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर गेटमन होते. गेटखालच्या काळ्या दगडावर एक ढोकरी येऊन उभी राहायची, तीच ती बगळ्याच्या जातीची, मातकट रंगाची. तासन्‌तास पाण्यात पाय सोडून पाण्याकडे बघायची, करायची काही नाही, म्हणून तात्यांनी तिला ओव्हरसियर साहेब नाव ठेवलं होतं. आई दुपारची भाकरी घेऊन गेली की दोघं कठड्यावर बसून साहेबाची चेष्टा करत जेवायचे.

तू रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडतोसच, तर एकदा तिकडे जा. तात्यांची अट नीट वाच. फोटोत साहेब पाहिजे, आणि पाणी वाहतं पाहिजे. "साचलेल्या पाण्यात उभा असला तर तो माझा साहेब नाय," असं म्हणाले.

आता तू विचारशील, दिसत नाही तर फोटो बघणार कसे. ते मी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं, असं ठरलंय. शिबिराआधी एवढं कर. खरं सांगू, मला त्यांच्या डोळ्यांची भीती वाटत नाही. त्यांना काही बघावंसंच वाटत नाही, त्याची वाटते.

तुझी
लताक्का


नाशिक
४ नोव्हेंबर १९७९

ती. लताक्कास,
सप्रेम जयभीम.

हे काम म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. सोबत फोटो जोडला आहे.

शनिवारी ऑफिस सुटल्यावर एसटीने गेलो. तात्यांच्या जागी आता पुंजा म्हणून गेटमन आहे, त्याच्याकडे मुक्काम केला. तात्यांचं नाव काढल्यावर त्याने आधी टोपी सारखी केली. सकाळी उन्हं वर आल्यावर साहेब आले आणि आपल्या दगडावर उभे राहिले. मी शटर पाचशेवर ठेवलं. म्हणजे सेकंदाचे पाचशे तुकडे केले तर त्यातला एक तुकडा, तेवढाच वेळ कॅमेऱ्याचं दार उघडतं. त्यात काही म्हणजे काही हलत नाही. साहेबाच्या पायाशी उडालेला एकेक थेंब मोजून घे, भिंग लागणार नाही.

फिल्म धुऊन फोटो छापून दिला तो पंचवटीतल्या गोटीरामने. त्याचा तिथे स्टुडिओ आहे. हा माणूस तीस वर्षं लोकांना "हलू नका" सांगत आलाय, त्यामुळे त्याचं कौतुकही तेवढंच असतं. फोटो बघून म्हणाला, "एक नंबर. काही हललेलं नाही."

तात्यांचं नाव आजच देऊन टाक.

तुझा
जयराम


कळवण
१६ नोव्हेंबर १९७९

चि. जयराम यास,
सप्रेम जयभीम.

तुझा डावा हात परत धू.

फोटो आल्यावर तात्यांनी तो हातात घेतला, खिडकीकडे धरला, मग मला म्हणाले, वाच. मी सांगत गेले, साहेब आहे, दगड आहे, मान आखडून उभा आहे. तात्या खूश. मग विचारलं, "पाणी?" मी म्हटलं, पाणी फार सुरेख आलंय, थेंब न्‌ थेंब दिसतोय, हवेत मण्यांसारखे लटकलेत.

"लटकलेत?"

"हो."

"पाणी लटकतं व्हय कुठं? गारा असतील त्या." मग म्हणाले, "बरं, गेट किती उघडं हाय ते बघ. पाण्याच्या वेगावरून कळंल." मला कुठून कळणार? मी पुन्हा पुन्हा बघितलं. जयराम, त्यांचं खरं आहे. तुझ्या फोटोत पाणी येतंय की जातंय तेच समजत नाही. काचेचं केल्यासारखं दिसतं.

 तात्या फोटो मात्र परत देईनात. तो हातात धरूनच झोपले, त्यात त्याचा एक कोपरा दुमडला. उठल्यावर अंगठ्याने सपाट करत बसले होते. त्यांना तो कोपरा दिसत नाही, पण अंगठा सारखा तिथेच जातो.

एकतीस वर्षं त्यांनी पाण्याशिवाय दुसरं काही बघितलं नाही. त्यांना फसवता येणार नाही. पुन्हा जा.

लताक्का


नाशिक
२३ डिसेंबर १९७९

ती. लताक्कास,
सप्रेम जयभीम.

चार रविवार बंधाऱ्यावर घालवले. घरात माझी बॅग दिसली की हल्ली कुणी कुठे चाललास म्हणून विचारत नाही.

पहिल्या वेळी माझी चूक काय झाली ते आता कळलं. पाणी वाहताना दिसायला हवं असेल तर कॅमेऱ्याचं दार जरा वेळ उघडं ठेवायला पाहिजे. अर्धा सेकंद म्हण. तेवढ्यात पाणी दगडावरून वाहून जातं आणि फिल्मवर त्याची वाट उमटते, पिंजलेल्या कापसासारखी. उन्हात असं केलं तर सगळी फिल्म जळते, म्हणून सूर्य उगवायच्या आत काढावं लागतं. इथवर सगळं जमलं. पण त्या अर्ध्या सेकंदात पाण्याने हलायचं आणि साहेबाने हलायचं नाही, हे साहेबाला कोण सांगणार? एका फोटोत त्याला दोन चोची आहेत. एकात मानच नाही. एकात साहेब जागेवर आणि मासा तोंडात, पण माझ्या तिवईचा एक पाय वाळूत खचला, त्यामुळे बंधाराच तिरपा पळतोय.

गोटीरामकडे एक पत्र्याचं खोकं आहे. त्यावर त्याने रंगाने लिहिलंय, 'हललेले'. गिऱ्हाइकाचा फोटो हलला की निगेटिव्ह त्यात जाते. सध्या ते खोकं मी एकट्याने भरत आणलंय. काल मला म्हणाला, "जयरामभाऊ, हललेला फोटो परत मला दाखवत जाऊ नका. छातीत धडधडतं." पण माणूस मनाने चांगला. त्याने मला स्टुडिओतला जुना रबरी फुगा काढून दिला. त्याला वीस फूट नळी आहे. कॅमेरा साहेबाच्या दगडाजवळ मांडून ठेवायचा, आपण लांब बाभळीआड बसायचं आणि फुगा दाबायचा.

तात्यांना विचार, साहेब नक्की कधी हलत नाही?

तुझा
जयराम


कळवण
६ जानेवारी १९८०

चि. जयराम यास,
सप्रेम जयभीम.

तात्यांना विचारलं. ते ताडकन उठून बसले. दोन वर्षांत कुणी त्यांना बंधाऱ्याचं काही विचारलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि मलाच वाईट वाटलं. त्यांचं म्हणणं जसंच्या तसं लिहिते.

"कालव्याला पाण्याची पाळी सुटती त्या दिवशी जा. पहाटे गेट उघडलं की बारके मासे दगडाकडं येत्यात. पयला अर्धा घंटा साहेब नुसता बघत ऱ्हातो, पापणी हलवत नाय. पर पुंजाला सांग, गेट एकदम उघडू नको. चाकाचे चारच फेरे दे. चार फेऱ्यांना पाणी दगडाला लागून जातं. त्याच्या वर दिला तर दगड बुडाया लागतो, मंग साहेब पाय बदलतो."

दिवसभर त्यांचं हेच चाललंय. संध्याकाळी शेजारच्या नवसाबाईंना बोलावून चाक कसं फिरवायचं ते हाताने दाखवलं. नवसाबाईंना आता गेटमनची नोकरी मिळाली तर त्या करतील.

शिबीर आठ मार्चला आहे. पाळी कधी सुटणार ते तू पुंजाकडून काढ.

लताक्का


नाशिक
३ फेब्रुवारी १९८०

ती. लताक्कास,
सप्रेम जयभीम.

मिळाला.

गेल्या रविवारी पाळी सुटली. अंधार पातळ व्हायच्या आत मी पाण्यात उतरून तिवई लावली, तिला कांद्याच्या गोणीत वाळू भरून बांधली आणि बाभळीआड जाऊन बसलो. गार पाण्याने पाय आहेत की नाहीत ते कळेना. पुंजाने चाक फिरवलं. साहेब आले, दगडावर उतरले, मान खांद्यात घातली आणि खरोखर पुतळा झाले. मी फुगा दाबला. सात वेळा दाबला. एकदाही साहेब हलले नाहीत. मला तिथेच तात्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

एक गोष्ट तुझ्यापाशीच ठेव. पुंजाने चार म्हणता म्हणता पाच फेरे दिले. मी ओरडलो तोवर पाणी सुटलं होतं. साहेबाने काही मनावर घेतलं नाही, तेव्हा आपणही घ्यायला नको. पण तात्यांना सांगू नकोस, ते पुंजाला पत्र लिहायला लावतील.

सातांपैकी सहा उजेडाच्या कमीजास्तीने छापण्याजोगे नाहीत, एक मात्र सोळा आणे उतरलाय. मी ओली निगेटिव्ह दोरीला टांगलेली पाहिली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, त्यामुळे पांढरं पाणी काजळासारखं काळंभोर दिसतं आणि त्यात साहेब उजळ. ऑफिसची वेळ झाली म्हणून तशीच सोडून पळालो. गोटीरामकडे लग्नसराईची गर्दी आहे, पंधरा दिवसांत छापून देईल.

मला एवढ्यात वेळही नाही. सोळा तारखेला सूर्यग्रहण आहे ना, त्याला कॉलनीतल्या एकाही माणसाने दारं लावून बसायचं नाही, गरोदर बायकांना कोंडायचं नाही, सगळ्यांनी मैदानात येऊन ग्रहण बघायचं, असा आमच्या मंडळाने ठराव केलाय. मी चिटणीस. सूर्याकडे बघायला काळ्या निगेटिव्ह लागतील, त्याची सोय मी चुटकीसरशी केली. गोटीरामला निरोप दिला, हललेले सगळे देऊन टाक.

तात्यांना नमस्कार.

जयराम


कळवण
१२ फेब्रुवारी १९८०

चि. जयराम यास,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र तीनदा वाचून दाखवलं. पाच फेऱ्यांचं वाक्य तिन्ही वेळा गाळलं, तिसऱ्यांदा जीभ अडखळली तर तात्या म्हणाले, "काय गं?" मी म्हटलं, ठसका.

त्यांनी न्हाव्याला बोलावून मिशा नीट करून घेतल्या. का, तर साहेबासमोर बरं दिसावं. शिबिरात नाव दिलंय. मात्र अट कायम आहे. "फोटो हातात पडल्याशिवाय टेबलावर चढणार नाय." त्यामुळे तुझ्या गोटीरामला जरा घाई कर.

आज स्वयंपाक करताना मी गाणं म्हणत होते असं नवसाबाई म्हणाल्या. मला कळलंही नव्हतं.

लताक्का


नाशिक
२० फेब्रुवारी १९८०

ती. लताक्कास,
सप्रेम जयभीम.

तुझी तब्येत कशी आहे? मागे तुला खोकला झाला होता, तो गेला का? काढा घेत जा. कळवणला थंडी अजून असेल, शाळेत जाताना कान बांधत जा.

ग्रहणाचा कार्यक्रम अतिशय यशस्वी झाला. गावात रस्ते ओस पडले होते, पण आमचं मैदान भरलं होतं. सत्तरच्या पुढच्या कुसाबाईसुद्धा आल्या आणि सूर्याचा तुकडा गेलेला बघून म्हणाल्या, "एवढंच व्हय? याच्यापायी मला पाच बाळंतपणात कोंडलं?" बायका हसून हसून बेजार झाल्या. गोटीरामने एकेक निगेटिव्ह कापून जुन्या लग्नपत्रिकांच्या चौकटीत चिकटवून दिली होती, त्यामुळे धरायला सोपं गेलं.

फोटोला थोडा उशीर होईल. छपाईचा कागद बाजारात नाही असं कळतं. हवाही दमट आहे.

तात्यांना नमस्कार. नवसाबाईंनाही.

जयराम


कळवण
२४ फेब्रुवारी १९८०

जयराम,

लहानपणी तू सुट्टीत आमच्याकडे यायचास आणि काही फोडलंस की आधी आईला विचारायचास, "मावशी, तुझं डोकं दुखतंय का?" तुझ्या पत्रात पहिल्या चार ओळी माझ्या खोकल्यावर आहेत. मला खोकला झाला नव्हता.

काय फोडलंस?

लताक्का


नाशिक
२८ फेब्रुवारी १९८०

ती. लताक्कास,
सप्रेम जयभीम.

निगेटिव्ह गेली. हरवली नाही, मी वाटली.

फोटोत जितकं पाणी वाहतं तितकी निगेटिव्ह काळी होते. गोटीरामने फिल्म वाळल्यावर बघितली, सगळं पाणी हललेलं, म्हणून सातही निगेटिव्ह खोक्यात टाकल्या. त्यावर मी निरोप दिला, हललेले सगळे देऊन टाक. ग्रहणासाठी त्याने खोक्यातल्या सगळ्यात काळ्या निवडल्या. सगळ्यात काळी आपलीच होती. मी मैदानात उभा राहून लोकांच्या हातात एकेक देत होतो, अक्का. त्यातली एक साहेबाची ती चांगली निगेटिव्ह होती आणि ती मी माझ्या हाताने कुणाला तरी दिली.

गोटीरामला सांगितलं तर तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मला काय ठाऊक तुम्हाला पाणी हललेलंच पाहिजे होतं? तीस वर्षांत एका गिऱ्हाइकाने हललेला फोटो मागितला नाही." त्याच्यावर रागावता येईना. ऐन लग्नसराईत दोन दिवस स्टुडिओ बंद ठेवून तो माझ्याबरोबर घरोघर फिरला. कुणी फेकली, कुणी बंबात घातली. इतरांच्या सहा निगेटिव्ह मिळाल्या, त्यात एक मुंज आहे आणि दोन वराती. कुसाबाई गावाला गेल्यात, त्यांच्या दाराला कुलूप.

पुढची पाळी मार्चअखेर सुटेल, म्हणजे शिबिरानंतर. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता. तात्यांना काय सांगू? मी तिकडे येऊन त्यांची माफी मागतो.

जयराम


कळवण
२ मार्च १९८०

जयराम,

येऊ नकोस. काही सांगू नकोस. माझं मी बघते.

आणि शिबिराच्या डॉक्टरांना विचारलं, फिल्ममधून सूर्य बघणंही धोक्याचं असतं म्हणाले. पुढच्या वेळी ठराव करण्याआधी कुणा जाणत्याला विचारत जा, चिटणीस.

लताक्का


कळवण
१६ मार्च १९८०

चि. जयराम यास,
सप्रेम जयभीम.

तात्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. एक आठ तारखेला, दुसरं बारा तारखेला. दोन्ही पट्ट्या निघाल्या. दारात आलेला माणूस बाई आहे की बाप्या एवढं कळायला लागलंय. सहा आठवड्यांनी चष्मा मिळेल, मग नीट दिसेल असं डॉक्टर म्हणाले. आता मी काय केलं ते ऐक.

आठ तारखेला सकाळी मी तुझा जुनाच फोटो पाकिटात घालून त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, तात्या, जयरामचा आला. पाणी वाहतंय, साहेब हललेला नाही. त्यांनी फोटो दोन्ही हातांनी धरला. कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बरं. चल." आणि माझा खांदा धरून टेबलापर्यंत गेले.

मी वर्गात मुलांना खोटं बोलू नये म्हणून शिकवते. एखाद्याने गृहपाठाबद्दल थाप मारली तर त्याला उभं करते. आता मी कुणासमोर उभी राहू? चष्मा आला की ते पहिल्यांदा तोच फोटो बघणार. तो उशाखाली आहे. त्यात पाणी काचेचं आहे. त्यांना बघावंसं वाटायला लागलंय आणि पहिलंच बघणं माझं खोटं असणार, या विचाराने मला जेवण जात नाही.

चष्म्याआधी काहीतरी कर, जयराम.

लताक्का


नाशिक
६ एप्रिल १९८०

ती. लताक्कास,
सप्रेम जयभीम.

आधी जेव, मग पुढचं वाच.

मार्चअखेरच्या पाळीला मी बंधाऱ्यावर गेलो होतो. पाणी सुटलं, दगड होता, फुगा होता, पण साहेब आलेच नाहीत. पुंजा म्हणाला, रजेवर असतील. तीन दिवस वाट बघून परत आलो. तुला कळवायचं धाडस झालं नाही.

आता जयंती आठ दिवसांवर आलीय, म्हणून कॉलनीत घरोघर चुना मारणं चाललंय. आज सकाळी मी झेंड्याची दोरी बघत होतो, तर कालच गावाहून परतलेल्या कुसाबाई हातात लग्नपत्रिकेची चौकट घेऊन आल्या. म्हणाल्या, "हे तुझं हाय ना? खिडकीला लावलं व्हतं. चुन्यानं खराब व्हईल, म्हणून काढलं. रंग वाळला की परत दे." मी त्यांना विचारलं, ग्रहण संपल्यावर सगळ्यांनी टाकून दिलं, तुम्ही का ठेवलं? तर म्हणाल्या, "सूर्य काय रोजच दिसतो. त्याच्या आड हा पांढरा पक्षी बसलेला दिसला. काळ्या पाण्यात गुमान हुबा हाय. मला बघून बरं वाटायचं." लेकीकडे गेल्या होत्या तेव्हाही तो खिडकीतच होता. आम्ही कुलूप बघून परत फिरलो आणि साहेब आतून आमच्याकडे बघत होते.

मी तसाच सायकलवरून पंचवटीत गेलो. गोटीरामने फोटो दोन तास खपून छापला. खिडकीला लावताना भाताची खळ वापरली होती, तिचा एक ठिपका वरच्या कोपऱ्यात राहिलाय. तो काढू म्हणाला, मी नको म्हटलं. दुसरी प्रत कुसाबाईंना दिली. त्या म्हणाल्या, "हा नको. ह्यात तो मातकट हाय." त्यांना निगेटिव्हच पाहिजे. देणार आहे.

गोटीरामने खोक्यावरची पाटी बदलली नाही, पण तुझ्यासाठीचा फोटो पाकिटात घालण्याआधी तो पाठीमागे पेन्सिलने काहीतरी लिहीत होता. मी वाचलं. 'हललेला. बरोबर आहे.'

रजिस्टर पोस्टाने पाठवला आहे. तात्यांना तू सांगशील ते खरं. पण झालं ते सांग, असं मला वाटतं. मलाही तू विचारल्यावरच बरं वाटलं होतं.

तुझा
जयराम


कळवण
२७ एप्रिल १९८०

चि. जयरामास सहादू तात्याचा जयभीम.

हे पत्र मी सोता लिहितोय. लता म्हणली तुमी सांगा मी लिहिते. म्हणलं मंग डोळे कशाला कापून घेतले.

चष्मा काल आला. बाटलीच्या बुडावानी जाड हाय. पयल्यांदा लताकडं बघितलं. पोरीचे केस पिकलेत, मला कुणी सांगितलं नाय. मंग ती तुझं पाकीट घेऊन आली आन्‌ रडाया लागली. म्हणली, तात्या, शिबिराच्या दिवशी मी खोटं बोलले, तो फोटो जुनाच व्हता. म्हणलं, मला म्हायती हाय. त्याचा कोपरा मीच दुमडला व्हता. अंगठ्याला लागला तवाच कळलं.

मंग इचारती, तरी टेबलावर का चढला? तिला नाय सांगितलं, तुला सांगतो. ही पोरगी जल्मात माझ्याशी खोटं बोलली नाय. त्या दिवशी बोलली तर आवाज कापत व्हता. म्हणलं, हिला आपले डोळे एवढे पायजेत, तर आपून नाय म्हणणारे कोण. तुझी मावशी असती तर तिनं बी असंच केलं असतं, फकस्त तिचा आवाज कापला नसता.

फोटो बघितला. साहेब तसाच हाय, जरा वाळलाय. पाणी चालू हाय. सकाळधरून दुपारपातुर बघत बसलो. भाकरी पुढ्यात आली तर बाजूला तुझ्या मावशीपुरती जागा करून बसलो, मंग ध्यानात आलं. लय दिवसांनी बरं वाटलं.

एक बोलायचं व्हतं. पुंजाला चार फेरे सांगितले व्हते, त्यानं पाच दिलेत. चार फेऱ्यांना दगडाच्या डाव्या अंगाची खपली उघडी ऱ्हाती, फोटोत ती बुडालीय. लता म्हणती तुमाला कसं कळलं. पुंजाला म्हणावं, तात्याला आता दिसतं.

पावसाळ्याच्या आत मला एकदा बंधाऱ्यावर ने. गोटीरामला बी घे. वाहतं पाणी कसं असतं ते त्याला दाखवू.

हात कापतो, त्यानं अक्षर हललंय. पण त्याच्या खोक्यात टाकू नको.

सहादू तात्या